रस्त्यावरची वेचणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. ह्या मंडळात मी आजवर सतरंज्या घातल्या, चहा केला, संक्रांतीच्या वाणाची खरेदी केली. पण बोलायला उभी राहिले ती आजच. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सकाळी धावायला जाता आणि येताना कचरा घेऊन येता. त्यावर बायकांत बरेच बोलणे होते. एकदा तुम्हीच काय ते सांगून टाका." तेव्हा सांगते. ह्यात एक गोष्ट अशी आहे की ती सांगताना मला लाज वाटणार आहे, आणि ऐकताना आपणांसही थोडी वाटेल. ती शेवटी सांगेन.

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्याच. पण रोज तासभर भरभर चाला आणि झेपेल तसे थोडे धावा. चाळिशी उलटलेली बाई रस्त्याने धावू लागली तर लोकांना वाटायचे की हिच्या मागे कुत्रे लागले! तरी मुलाने बूट आणून दिले आणि मी पहाटे निघू लागले. विजेचे चार खांब धावायचे, चार खांब चालायचे, असे करीत दारव्हा रस्त्याने नाल्याच्या पुलापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

नवशिक्या माणसाला धावताना ठेच लागायची भीती असते, म्हणून नजर सारखी खाली असते. ज्या रस्त्याने मी वीस वर्षे ऑटोत बसून गेले, तो रस्ता मला तेव्हा प्रथम दिसला. दोन्ही बाजूंना पन्न्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या, चहाचे कागदी कप. एक निळी पन्नी बाभळीच्या काट्यात अडकली होती. ती मी पंधरा दिवस रोज पाहिली. रोज मनात यायचे, कोणी काढीत कसे नाही? सोळाव्या दिवशी ध्यानात आले की रोज तिच्याजवळून जाणारी मीही त्या 'कोणी'तलीच आहे. मी ती काढली, मुठीत धरली आणि घरी आणून कचऱ्याच्या डब्यात टाकली. सुरुवात एवढीच.

पुढे मी खताची एक रिकामी पिशवी धुऊन बरोबर घेऊ लागले. तरी कोणी येताना दिसले की पिशवी पाठीमागे लपवायची. एके दिवशी वाकले असताना मागून एका वयस्क गृहस्थांनी विचारले, "काय पडलं, बाई?" मला खरे सांगवेना. मी म्हटले, "कानातल्या फुलाची फिरकी पडली, काका." बिचारे तिथेच बसले आणि दहा मिनिटे गवत चाळीत राहिले. गुडघ्यावर हात ठेवून उठताना त्यांना किती कष्ट झाले ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले, "सापडली का?" तेव्हा मात्र मी खरे काय ते सांगून क्षमा मागितली.

ते रागावले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, "माझ्या वडलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. बाबा चांगलं बोलले की वाईट, ते आधी नाही सांगायचे. आधी सांगायचे, बाबांनी गाव कसं झाडलं. आणि तुम्ही पन्नी उचलायला लाजता?"

भगिनींनो, गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडचे. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. आईबापांनी ठेवलेले नाव डेबूजी. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका हाती फुटके गाडगे आणि दुसऱ्या हाती खराटा. गावात शिरले की कोणाशी ओळख काढायची नाही, भाकर मागायची नाही. आधी रस्ते आणि गटारे साफ करायची. लोक त्यांना वेडा म्हणत, कुठे हाकलूनही देत. त्याच माणसाच्या पायाशी रात्री कीर्तनाला सारा गाव बसे. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. राज्याने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे. आपली मुले पदवी घेतात त्या अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. पदवीच्या कागदावरचे हे नाव आपण चौकटीत लावतो. पण त्यांच्या हातातला खराटा हातात घ्यायचा म्हटले की आपल्याला आपली पायरी आठवते.

त्या काकांच्या बोलण्यानंतर मी पिशवी लपवणे सोडून दिले.

नंतर मुलाने मला मोबाइलवर दाखवले की मी करते त्याला जगात नावसुद्धा आहे. स्वीडन देशात एरिक आल्स्ट्रॉम नावाचे गृहस्थ २०१६ साली स्टॉकहोम शहरात राहायला आले. रोजच्या वाटेवर तोच तो कचरा तसाच पडलेला पाहून ते उचलू लागले, आणि मग धावता धावता उचलणाऱ्यांचे गटच तयार झाले. त्यांच्या भाषेतला 'उचलणे' ह्या अर्थाचा शब्द आणि 'जॉगिंग' ह्यांची सांधेजोड करून त्यांनी 'प्लॉगिंग' हे नाव दिले. मला नवल वाटले ते ह्याचे की त्यांनाही तोच तो कचरा रोज पाहूनच हे सुचले. सातासमुद्रापलीकडे माझ्या निळ्या पन्नीची बहीणच जणू त्यांना भेटली होती!

पुण्यात विवेक गुरव ह्या तरुणाने असेच गट जमवले. पुढे तो शिकायला इंग्लंडात ब्रिस्टल शहरी गेला आणि तिथल्या रस्त्यांवरही कचरा उचलू लागला. २०२३ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांकडून त्याला त्याबद्दल 'पॉइंट्स ऑफ लाइट' हा पुरस्कार मिळाला. आपल्या देशात २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीला, सरकारने गावोगावी अशी धाव ठेवली होती. तेव्हा हे वेड माझ्या एकटीचे नव्हे.

पण घरी हे पटवायला वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, आपल्या घरच्या बाईनं रस्त्यावरचा केर उचलायचा? लोक काय म्हणतीन?" त्यांना उलट बोलण्याची माझी रीत नाही. मी एवढेच विचारले, "आई, तुम्ही लग्नानंतर किती वर्षे कापूस वेचला?" त्या म्हणाल्या, "पंचवीस." मी म्हटले, "तेव्हा वाकायची लाज वाटली का?" त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माझी पिशवी खुंटीवर टांगलेली होती, आणि तिचा फाटलेला कोपरा शिवलेला होता.

आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना वेचणे कोणी शिकवायला नको. दिवाळीच्या सुमारास शेताशेतांतून ओटी बांधून वाकलेल्या बायका दिसतात. त्या वाकण्याला आपण कष्ट म्हणतो. तेच वाकणे बांधाच्या अलीकडे, रस्त्यावर केले की त्याला हलके काम म्हणतो. आणि ह्या दोन वेचण्यांचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे. रस्त्यावरची पन्नी वाऱ्याने शेतात जाते, कपाशीच्या झाडाला अडकते, तिचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे कापसाबरोबर जिनिंगमध्ये जातात. सुताबरोबर तो धागा कापडात गेला की त्याला रंग चढत नाही. कापडावर डाग दिसतो. म्हणून असा कापूस गिरणीवाल्यांना नको असतो. म्हणजे आपण गाडीच्या खिडकीतून टाकलेली पन्नी कुठल्या तरी शेतकऱ्याच्या पांढऱ्या सोन्यात जाऊन बसते.

आणखी एका बाईने मला शहाणे केले. ती त्याच रस्त्यावर मोठे पोते घेऊन भंगार वेचते. सुरुवातीला मी दिसेल ते उचलीत होते आणि दोन दिवस ती माझ्याकडे रागाने पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती सरळ म्हणाली, "बाई, बाटल्या राहू द्या. त्याचे मले पैसे भेटते. तुमाले उचलाचंच असन तर पन्न्या उचला, त्या कोनीच घेत नाही."

मला चपराक बसल्यासारखे झाले. मी पुण्यकर्म म्हणून जे उचलीत होते, ती तिची संध्याकाळची भाजी होती. तेव्हापासून मी बाटल्या, पुठ्ठा, पत्रा ह्यांना हात लावीत नाही. कधी आमच्या घरी साठले तर तिलाच देते. मी उचलते त्या पन्न्या आणि चकचकीत पाकिटे. त्या पाकिटांत प्लास्टिक आणि दुसरे थर असे चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना शिवत नाही.

ह्या बायकांविषयी थोडे अधिक सांगते. पुण्यात त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' नावाची संघटना १९९३ सालापासून आहे. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासद घरोघर जाऊन कचरा गोळा करतात आणि निवडतात. त्यांत बहुतेक बायकाच आहेत. त्यांनी गृहिणींना एक साधी विनंती केली: मासिक पाळीचा पॅड उघडा टाकू नका, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणाऱ्या हाताला आधीच कळेल. आपण ही गोष्ट घरातल्या पुरुषांना दिसू नये म्हणून लपवतो, आणि मग ती उघडी दुसऱ्या एका बाईच्या हाती देतो. ह्याचा विचार मी तरी आधी कधी केला नव्हता. इथे फक्त आपणच आहोत म्हणून बोलले. आजपासून एवढे करायला काहीच खर्च नाही.

आता रस्त्यावर काय सापडते ते सांगते. एका सकाळी मी दोन खांबांमधला कचरा मोजला. एकूण त्रेसष्ट वस्तू. त्यांतल्या एकेचाळीस खर्ऱ्याच्या पन्न्या! खर्रा म्हणजे काय हे यवतमाळात कोणाला सांगायला नको. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा, खर्रा तोंडात आणि पन्नी रस्त्यावर. ही पन्नी तळहाताएवढी, पण तिच्यात पावसाचे पाणी साचते, ती नालीच्या तोंडाशी बसते, आणि गाई-म्हशी तिला चारा समजून खातात. जनावराच्या पोटात प्लास्टिक पचत नाही. ते साचत जाते, आणि जनावर भरल्या पोटी उपाशी मरते.

आमच्या घरीही जेवणानंतर खर्रा लागतो. मी ह्यांना म्हटले, "खाऊ नका असे मी वीस वर्षे सांगितले, ते ऐकले नाहीत. आता एवढे तरी ऐका; पन्नी खिशात घालून घरी आणा." पहिले आठ दिवस विसरले. मग एके दिवशी सदरा धुवायला घेतला तर खिशातून सहा पन्न्या निघाल्या. नेहमी मी खिशातल्या कचऱ्यावर रागावते, त्या दिवशी मला फार बरे वाटले. पानठेलेवाल्या भाऊंनाही विनंती केली. त्यांनी तेलाचा रिकामा पिपा ठेल्याजवळ ठेवला आहे. निम्म्या पन्न्या पिप्यात पडतात, निम्म्या अजून बाहेर. सर्व सुधारले असे मी म्हणणार नाही. पण निम्म्या म्हणजेही पुष्कळ.

कोणाला हे काम करावेसे वाटले तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. हातात रबरी मोजे घाला. घरचा जुना चिमटा असला तर उत्तम. कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवून खाली बसा आणि उठा. पाठ दुखत नाही आणि तेवढाच व्यायाम होतो. फुटकी काच, इंजेक्शनच्या सुया, औषधाच्या बाटल्या ह्यांना हात लावू नका. रस्त्याने समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चला. घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चुलीकडे जाऊ नका. आणि उचललेला कचरा पेटवून देऊ नका. थंडीत पुष्कळ जण शेकोटीत पन्न्या टाकतात. त्या धुराने छाती खराब होते, आणि तो आधी लागतो तो शेकायला बसलेल्या लेकरांना.

आता ती शेवटची गोष्ट.

गेल्या संक्रांतीनंतर साधारण पंधरा दिवसांनी मी पुलाशी पोचले. पुलाखाली एक मोठे पोते फाटून पडले होते आणि कुत्र्यांनी ते विस्कटले होते. आत थर्माकोलच्या बशा, प्लास्टिकचे चमचे, आणि छोट्या छोट्या चकचकीत पन्न्या. पन्नीवर चिठ्ठी होती. मी वाकून वाचली. चिठ्ठीवर आपल्या मंडळाचे नाव होते.

भगिनींनो, ते आपलेच हळदीकुंकू होते. वाणाच्या डब्या एकेक पन्नीत घालायची कल्पना माझी. स्वस्त पडतात म्हणून थर्माकोलच्या बशा आणल्या त्याही मीच. खरे तर आपल्या राज्यात थर्माकोलच्या बशांवर २०१८ सालापासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून अशा बशा-चमच्यांवर साऱ्या देशात आहे. दुकानदाराने मागच्या खोलीतून काढून दिल्या आणि मी काही न विचारता घेतल्या. त्या दिवशी घंटागाडी येऊन गेली होती. पोते उचलणाऱ्या मुलाने विचारले, "काकू, हे कुठे टाकू?" मी हात हलवून म्हणाले, "टाकून ये तिकडे कुठेतरी."

ते 'तिकडे कुठेतरी' मला पुलाखाली सापडले.

त्या सकाळी मी धावले नाही. दोन फेऱ्यांत ते पोते घरी आणले आणि घंटागाडी येईपर्यंत अंगणात ठेवले. शेजारणीने विचारले, "हे कोणाचे?" मी म्हटले, "माझे." आजवर ही गोष्ट मी मंडळात सांगितली नव्हती. सांगितली असती तर वाणाच्या खरेदीचे काम माझ्याकडून जाईल, अशी भीती होती. आज सांगितली, काम काढून घ्यायचे तर अवश्य घ्या.

ह्या सर्वातून मला एकच समजले. लाज आपण चुकीच्या माणसाला वाटून दिली आहे. वाकून उचलणाऱ्याला लाज वाटते. गाडीतून हात बाहेर काढून टाकणाऱ्याला वाटत नाही. मला पिशवी लपवावीशी वाटली, पण 'तिकडे कुठेतरी' म्हणताना माझी जीभ अडखळली नाही. ही लाज जर आपण उचलणाऱ्याकडून काढून टाकणाऱ्याकडे दिली, तर उचलायचे काम आपोआप कमी होईल.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी तीन विनंत्या ठेवते. पहिली, पुढच्या हळदीकुंकवापासून प्रत्येक सभासदाने घरच्या दोन स्टीलच्या बशा आणि दोन पेले मंडळाला द्यावेत. आपण साठ जणी आहोत. एकशेवीस बशा होतात आणि तेवढ्या पुरतात. घासायला मी आहे. फराळाचे द्रोण पळसाच्या पानांचे घ्यावेत. पळस आपल्या रानात भरपूर आहे आणि ते लावणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतील. दुसरी, वाण कसल्याही पन्नीत घालू नये. वाणच कापडी पिशवीचे द्यावे, जुन्या लुगड्यांच्या आपण स्वतः शिवलेल्या. तिसरी, कार्यक्रम संपल्यावर कचरा कुठे गेला हे पाहायला एक जण नेमावी, आणि तिचे नाव अहवालात लिहावे. पहिल्या वर्षी माझे लिहा.

माझ्याबरोबर पहाटे धावायला याच, असे मी म्हणत नाही. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला डबे करायचे असतात. पण जिला यायचे असेल तिच्यासाठी खुंटीवर आणखी एक पिशवी आहे. सासूबाईंनीच शिवून ठेवली आहे.

आणि ते वयस्क काका अजून सकाळी भेटतात. परवा त्यांनी पुन्हा विचारले, "काय पडलं, बाई?" मी पिशवी उघडून दाखवली. ते खाली वाकले, पायाजवळची एक पन्नी उचलून पिशवीत टाकली आणि पुढे चालू लागले.